नौपाड्यातलं वॉटरकलर: आता आहेराच्या वहीपर्यंत

मंडळी, अपडेट छोटं आहे पण माझी झोप उडालीय. तेच ते नदीकाठच्या घाटाचं चित्र, नौपाड्यातली जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा भंगारवाल्याकडून सहाशेला उचललेलं. सही अर्धी माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) गेलीय, आणि जो बघतो तो हळदणकर म्हणतो, म्हणजे ते नावाजलेले वॉटरकलरवाले चित्रकार. मी म्हणत नाही. जुना घाट दिसला की सगळ्यांना हळदणकरच आठवतात.

भंगारवाल्याला दोनदा चहा पाजला तेव्हा कुठे त्याने माल कुठल्या मजल्यावरून उचलला ते सांगितलं, आणि तिथून विचारत विचारत घोडबंदरला भाड्याने राहणाऱ्या आजींपर्यंत पोचलो. आजी म्हणाल्या, "अहो, मामेसासऱ्यांनी आहेरात दिलं, पानशेत फुटलं ना, त्याच्या आदल्याच महिन्यात आमचं लग्न." पानशेत धरण फुटलं जुलैत, म्हणजे लग्न जून १९६१. बोला, याहून पक्की तारीख काय मिळणार!

पण मागच्या प्लायवर गिरगावातल्या फ्रेमवाल्याचं लेबल आहे. पत्त्यात नुसतं बॉम्बे ४, म्हणजे पिनकोडच्या, १९७२ च्या आधीचं, हे कळतच होतं. त्याखाली पेन्सिलीने ७-८-० लिहिलंय त्याकडे मी गाढवासारखा दोन महिने नंबर समजून बघत होतो, ते सात रुपये आठ आणे आहेत! नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. नंतर थोडे दिवस लोक आण्यात बोलले असतील, पण चार वर्षं? म्हणजे फ्रेम बहुतेक लग्नाच्या आधीची, आणि मामेसासऱ्यांनी घरातलंच किंवा कुणाकडून तरी आलेलं चित्र आहेरात दिलं. हे आजींना सांगायची माझी हिंमत नाही.

आता घोळ. फ्रेमच्या मागे बारीक खिळ्यांच्या भोकांच्या दोन रांगा आहेत, म्हणजे ती एकदा तरी उघडलीय. चित्र नंतर बसवलं असेल तर लेबल फक्त फ्रेमचं वय सांगतं, चित्राचं नाही. इथल्या एका फ्रेमवाल्याकडे नेलं तर तो म्हणे, "हा प्लाय फेकून देऊ, नवीन टाकतो." उचलून घरी आणलं. मागची बाजू फेकली तर उरलं काय?

आजींकडे आहेराची वही आहे, पण शिफ्टिंगच्या खोक्यांत. रविवारी खोकी उघडायला जातोय.