त्या शिफ्टबुकात माझी सही आहे

"तिथली माणसं ऐकतात का हो तुमचं? बाईचं?"

दरवर्षी नाशिकला आले की हा प्रश्न तीन-चारदा तरी कानावर पडतोच. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत. या डिसेंबरात माझ्या जुन्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलींशी बोलायला गेले, तर त्यांचाही पहिला प्रश्न हाच. 'तिथली माणसं' म्हणजे घानाची काळी माणसं. तसं उघड कोणी म्हणत नाही, पण मला कळतं. आजवर मी "ऐकतात की" म्हणून विषय बदलत आले. त्या मुलींना मात्र अर्धंच उत्तर देऊन परतले, आणि ते मनात टोचत राहिलं. म्हणून हे लिहितेय.

तर हो, ऐकतात. घानातल्या टेमा या बंदराच्या शहरात मी ज्या कारखान्यात काम करते, तिथे पहिल्या दिवसापासून ऐकत आले. बाईच्या हातात माल आणि पैसा असणं याचं घानात कुणाला अप्रूप नाही. आम्ही पाण्याच्या पाकिटांची प्लास्टिक फिल्म बनवतो. ती विकत घेणाऱ्या, पाकिटं भरून विकणाऱ्या आमच्या कितीतरी गिऱ्हाइकांत मालक बाईच आहे. राजधानी अक्राच्या मकोला बाजारात घाऊक व्यापार बायकांच्या हातात. अशा ठिकाणी वाढलेल्या पोराला बाईने काम सांगितलं तर त्यात काही खुपत नाही.

माझं न ऐकणारे मला भेटले ते नाशिकच्या अंबड एमआयडीसीत. २००३ साली प्लास्टिकचा डिप्लोमा करून मशीनवर काम करायला म्हणून नोकरी धरली, आणि मला लॅबमध्ये बसवलं. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या ६६ व्या कलमाप्रमाणे तेव्हा बाईने संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात काम करायचं नव्हतं. रात्रपाळी नाही म्हणून शिफ्ट इनचार्ज नाही, आणि शिफ्ट सांभाळलेली नाही म्हणून पुढचं काहीच नाही. माझ्यामागून आलेली तीन पोरं सहा वर्षांत माझ्या वर गेली. हे तुझ्याच सुरक्षेसाठी आहे, असं मला सांगितलं जायचं.

घानाचा २००३ चा कामगार कायदा गरोदर बाईला तिच्या संमतीशिवाय रात्री १० ते सकाळी ७ कामाला लावू नका म्हणतो, आणि थांबतो. २००९ मध्ये मी टेमाला गेले, २०११ मध्ये रात्रपाळीची इनचार्ज झाले. मुलगी पाच वर्षांची होती, ती माझ्या आईकडे राहिली. त्याबद्दल विचारणाऱ्यांना मी आजही उत्तर देणार नाही. माझ्या मिस्टरांना तो प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

इथपर्यंतचं मी त्या मुलींना सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढचं सांगितलं नाही.

२०१५ चा फेब्रुवारी होता. घानात तेव्हा 'दुमसोर' चालू होतं. दुम म्हणजे विझणं, सो म्हणजे पेटणं. वीज येते-जाते त्या प्रकाराला लोकांनीच दिलेलं नाव. जलविजेच्या अकोसोंबो धरणात पाणी कमी. नायजेरियाहून येणाऱ्या गॅसचा भरवसा नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये टोगोच्या समुद्रात एका जहाजाच्या नांगराने त्या गॅसची पाइपलाइन तोडली, त्यानंतर पुरवठ्याची घडी नीट बसलीच नव्हती. १२ तास वीज आणि २४ तास अंधार, असं वेळापत्रक निघालं होतं. आमच्या पाच मशीनपैकी जनरेटरवर दोनच चालत.

ब्लोन फिल्मच्या मशीनवर प्लास्टिकचा वितळलेला दाणा गोल डायमधून, म्हणजे साच्यातून, फुग्यासारखा दोन मजले वर चढत असतो, आणि टॉवरच्या माथ्यावर दोन रोलर त्याला दाबून चपटा करतात. वीज गेली की तो फुगा भिजलेल्या धोतरासारखा खाली येतो. आत राहिलेला दाणा जळतो, आकसतो, गोठतो. वीज आल्यावर हीटर तापायला दोन तास जातात. मग जळकं काढून टाकायचं, फिल्मचं टोक दोरीला बांधून वर ओढायचं आणि रोलरच्या तोंडी हाताने द्यायचं. रोलरपुढे जाळीचं गार्ड असतं, ते उघडलं की लिमिट स्विच रोलर थांबवतो. आमच्या तीन नंबरचं गार्ड सैल झालं होतं. स्विच उगाच ट्रिप व्हायचा आणि चालतं मशीन बंद पडायचं. कोणीतरी त्या स्विचला टेप लावून टाकला, म्हणजे गार्ड उघडलं तरी रोलर फिरतच राहणार.

हे आमच्या सुपरवायझरने शिफ्टबुकात लिहिलं होतं. तिचं नाव मी इथे देत नाही. सगळे तिला आंटी म्हणत, मीही म्हणायचे. मी यायच्या आठ वर्षं आधीपासून ती त्या कारखान्यात होती. फुगा किती उंचीवर धुरकट होतो ते बघून कुठला हीटर गेलाय ते सांगायची, आणि मग फिटर मीटर घेऊन तेच सांगायला यायचा. तिने लिहिलं होतं: 'तीन नंबर. गार्ड स्विचला टेप. फिटर पाठवा.' तारीख, वेळ. त्याखाली 'पाहिले' म्हणून माझी सही. अपघाताच्या दोन दिवस आधीची.

फिटर जनरेटरवर अडकले होते. याला कारण म्हणायचं की सबब, ते मला आजही ठरवता येत नाही.

त्या रात्री वीज एकच्या सुमारास आली. सकाळी ६ ला रोल गाडीत चढायचे होते. आंटी दुसरी पाळी संपवूनही थांबली होती. ती म्हणाली, "मॅडम, आज तीन नंबर राहू दे." मी म्हणाले, "स्टार्ट." एवढा एकच शब्द, तोही तिच्याकडे न बघता.

पावणेचारला वरून आवाज आला. मी टॉवरची लोखंडी शिडी चढून गेले तोवर कुणीतरी लाल बटण दाबलं होतं. बावीस वर्षांचा पोरगा, शेजारच्या आशायमानहून रोज चालत येणारा. तो ओरडत नव्हता. डाव्या हाताने उजवं मनगट आवळून उभा होता. फिल्मवर रक्त पसरत नाही, त्याचे गोल थेंब होतात आणि घरंगळतात. खाली माणसं "कोसे, कोसे" म्हणत होती. तिकडे कुणाला लागलं की असं म्हणतात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही अर्धी गेली.

सकाळी ९ ला मी रिपोर्ट लिहायला बसले. 'अपघाताचे कारण' या रकान्यात मी लिहिलं: 'ऑपरेटरने गार्ड स्विच निकामी करून, सूचना न पाळता हात आत घातला.' टेप त्याने लावलेला नव्हता. तो आठवडाभर चार नंबरवर होता, त्या रात्रीच मी त्याला तीनवर पाठवलं होतं. लिहिताना मला हे सगळं माहीत होतं.

तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, खरं लिहिलं असतंस तर त्याच दिवशी संपली असतीस. रात्रपाळीवरची तू एकटी बाई इनचार्ज. तुझ्या आधीच्या इनचार्जच्या वेळी दोन अपघात झाले, तेव्हा पुरुषाला शिफ्ट दिली म्हणून झालं असं कुणी म्हटलं का? तुझ्या बाबतीत पहिलं वाक्य तेच आलं असतं. यातलं काही खोटं नाही. मी तिला विचारते, मग त्याची किंमत त्या पोराने का मोजायची? ती म्हणते, त्याला भरपाई मिळाली की. मिळाली, १९८७ च्या भरपाई कायद्याप्रमाणे मिळाली. पण माझ्या त्या एका वाक्यामुळे तो 'सूचना न पाळणारा' ठरला, मशीनवरून गोदामात गेला आणि वर्षाच्या आत नोकरी सोडून गेला. यावर तिच्याकडे उत्तर नाही, तरी ती हटत नाही.

२०१६ मध्ये प्रॉडक्शन मॅनेजरची जागा रिकामी झाली आणि ती मला मिळाली. बाई असून मिळाली, असं नाशिकच्या घरी सगळ्यांनी पेढे वाटत सांगितलं. घानाच्या २०१३ च्या गुंतवणूक कायद्यात भरणा झालेलं भांडवल ७ लाख डॉलरच्या वर असलं की चार परदेशी माणसं आणण्याची मुभा होती. ती मुभा होती, सक्ती नव्हे. आमच्या ऑफिसात मात्र त्या चार खुर्च्या भारतीयांच्याच असं धरूनच चालायचे. गेले ते गृहस्थ भारतीय होते, म्हणून आले तीही भारतीय. आंटीचं नाव चर्चेलाही निघालं नाही. मीही काढलं नाही. अंबडला मला अडवणारं कलम निदान छापलेलं होतं, कुणाला तरी दाखवून भांडता येत होतं. आंटीला अडवणारा नियम कुठे लिहिलेलाच नव्हता, आणि मी त्याच नियमाच्या जोरावर वर चढले.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुझी लायकीच नव्हती. तसं मी म्हणू देणार नाही. त्या खुर्चीत मी नुसती बसले नाही. पाचही मशीनची गार्ड बदलून घेतली. गार्ड उघडं असताना मशीन चालवलं तर अख्खी शिफ्ट थांबेल हा नियम केला आणि त्यापायी ऑर्डरी गमावल्या. तोवर मुली फक्त पॅकिंगला असत, त्या मशीनवर आल्या. अंगावर पिणारं मूल वर्षाचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळातला एक तास त्याच्यासाठी मिळतो, हे घानाच्या कायद्यात होतंच. आमच्याकडे ते पाळलं जाऊ लागलं ते मी मॅनेजर झाल्यावर. हे सगळं मी केलं. पण रात्री जाग आली की मनात मोजायला लागते ती ही कामं नव्हेत.

२०१९ मध्ये मी फॅक्टरी मॅनेजर झाले तेव्हा वर भांडून प्रॉडक्शन मॅनेजरच्या जागेसाठी आंटीचं नाव मंजूर करून घेतलं. तिला केबिनमध्ये बोलावलं, स्वतः खुर्ची पुढे केली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे आता रिपोर्ट मी लिहायचे?"

चार वर्षांत त्या रात्रीबद्दल ती माझ्याशी एवढंच बोलली. जागा तिने घेतली नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "थँक यू, मॅडम" म्हणून ती खाली मशीनवर गेली.

त्याच आठवड्यात मी खरं काय झालं ते एका पानावर लिहून वर नेलं. "एवढ्या वर्षांनी आता कशाला उकरता?" म्हणून ते फाइलला लावलं गेलं. पोराचा पत्ता काढून त्यालाही त्याची प्रत पाठवली. उत्तर आलं नाही, आणि ते यावं अशी अपेक्षा धरायचा मला हक्क नाही. २०१५ चं शिफ्टबुक मी रद्दीत जाऊ दिलं नाही. ते माझ्या कपाटात आहे.

डिसेंबरातल्या त्या मुलींपैकी एकीची मेल आलीय. तिला रात्रपाळी हवी आहे, मशीन हवं आहे, टेमाला यायची तयारी आहे, घरचे 'हो' म्हणालेत. तुमच्याकडे जागा आहे का, विचारते. जागा आहे, त्या चारांतलीच एक. आणि खाली सहा वर्षं मशीनवर काढलेली एक घानाची मुलगीही आहे, जिने अजून माझ्याकडे काहीच मागितलेलं नाही.

मेलला उत्तर लिहिलेलं नाही. आधी हे पाठवते.