दुधी अजून वाजत नाही

९ जून

मृग लागून दोन दिवस झाले, पण कोल्हापुरात अजून नुसतंच भरून येतंय. पाऊस कधी धरेल सांगता येत नाही म्हणून आज गच्चीवरच्या भाजीसाठी बादल्या भरून टाकल्या. रंगाच्या रिकाम्या, २० लिटरच्या, सहा. प्रत्येकीच्या तळाला पाच भोकं. आधी नारळाच्या शेंड्या, त्यावर उसाची चिपाडं, मग वाळका पाला, शेणखत आणि माती फक्त वरची चार बोटं. चिपाडं कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानं दोन पोती भरून दिली. ती आठवडाभर उन्हात वाळवून घेतली होती. ओल्या मातीचं वजन गच्चीला नको, आणि चिपाडं कुजत गेली की मुळांना भुसभुशीत जागा मिळते. दोन महिन्यांत बादली अर्ध्यावर बसते, तेव्हा परत भरायची.

ही पद्धत पहिल्यांदा वडिलांकडून ऐकली. श्रीपाद दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’बद्दल ते फार आदरानं बोलायचे. गणिताचा प्राध्यापक शेतकऱ्यांना सांगतो की दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं नीट भागतं, आणि पानावर पडणारं ऊन हीच खरी मिळकत, याचं त्यांना अप्रूप होतं. माझी गच्ची गुंठ्याचा पाचवा हिस्साही नाही. पण ऊन मात्र सकाळी सातपासून चारपर्यंत आहे.

दोन बादल्यांत दुधी टोकला. बी आईनं दिलेलं, राधानगरीकडच्या आमच्या परड्यातलं. एका कागदाच्या पुडीत अकरा बिया. चार लावल्या, बाकीच्या राखेत ठेवल्या.

२८ जून

खताच्या माठाला वास यायला लागला. परवाच्या पावसात झाकण सरकलं होतं, आत पाणी गेलं. सासूबाई वर आल्या, नाकाला पदर लावून म्हणाल्या, “अगं, हे काय पाळलंयस?” आत राखाडी, चपट्या अळ्या वळवळत होत्या. मी आधी घाबरले असते. आता माहीत आहे, या अळ्या भाजीचं देठ-साल झपाट्यानं संपवतात आणि झाडाला हात लावत नाहीत. वास येतो तो पाण्यामुळे. एक घमेलं वाळका पाला आणि थोडा भुसा कालवला. संध्याकाळपर्यंत वास निम्मा झाला.

जीवामृतही केलं, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं प्रमाण २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, तेवढं गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन असं आहे. मी दहा लिटरला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि गावच्या बांधावरची मूठभर माती घेते. गूळ आपल्याकडचाच, त्याची चिंता नाही. सावलीत ठेवायचं, दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं, दोन दिवसांनी दहापट पाण्यात घालून द्यायचं.

२४ जुलै

वेल कठड्यावरून पार टाकीपर्यंत गेला. पण आजचा दिवस उदास गेला. बोटाएवढा तिसरा दुधी पिवळा पडून गळला. आधीचे दोन गेल्या आठवड्यात असेच गेले. खत कमी पडलं असेल म्हणून मी आणखी शेणखत घातलं होतं. त्यानं पानं तेवढी हिरवीगार झाली.

रात्री आईला फोन केला. तिनं एकच विचारलं, “गच्चीवर कधी जातीस तू?”

“सकाळी, पाणी घालायला.”

“मग फूल तुला मिटलेलंच दिसणार की. दुधी सांजंला उमलतोय. पावसात पाखरं-किडं फिरत न्हाईत, तूच लाव की परागकण.”

तीन वर्षं मी दुधी लावतेय. तीन वर्षं सकाळी कोमेजलेली पांढरी फुलं बघून ‘ऊन लागलं असेल’ म्हणत आलेय. गेल्या वर्षी दोन दुधी मिळाले, ते कुठल्यातरी पतंगाची कृपा.

२६ जुलै

साडेसहाला लेकाला घेऊन वर गेले. पाऊस भुरभुरत होता. त्यानं एका हातात छत्री धरली, दुसऱ्यात टॉर्च.

आणि फुलं उघडत होती! इतकी मोठी, पातळ, चुरगळलेल्या मलमलीसारखी पांढरी फुलं आपल्याच गच्चीवर रोज संध्याकाळी उमलतात आणि मी खाली कुकर लावत असते. आम्ही दोघं काही वेळ नुसते बघतच उभे राहिलो.

नर फूल लांब, सरळ देठावर. मादी फुलाच्या मागे इवलासा, लव असलेला दुधी. नर फूल खुडलं, पाकळ्या मागे ओढल्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हळूच फिरवला. लेक म्हणाला, “आई, एवढंच?” एवढंच. मग पाकळ्या एकत्र करून दोऱ्यानं सैल बांधल्या, पावसानं पराग धुऊन जाऊ नयेत म्हणून, आणि शेजारच्या वेलाचे येऊन मिसळू नयेत म्हणूनही. देठाला लाल लोकरीचा तुकडा बांधला, खूण म्हणून.

३० जुलै

लोकर बांधलेला धरलाय! अंगठ्याएवढा होता, आज वीतभर.

९ ऑगस्ट

पहिला दुधी काढला. चणाडाळ घालून भाजी केली, सालीची चटणी केली. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली. लोकरीचे आणखी तीन तुकडे आता वेलावर आहेत.

२४ ऑगस्ट

चवळीवर मावा. शेंगांच्या देठांना काळा थर बसलाय आणि मुंग्यांची ये-जा चालू आहे. मावा गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. त्या गर्दीत काळपट, खरखरीत, मगरीच्या पिल्लासारख्या अळ्याही होत्या, अंगावर पिवळसर ठिपके. अंगावर काटा आला. हातमोजा घालून एकेक चिरडली. सतरा मोजल्या. एक पानामागे चिकटून निपचित पडली होती, ती मेलेली समजून सोडली.

३१ ऑगस्ट

हे लिहायला जड जातंय.

आज सकाळी पान उलटलं, तर त्या निपचित अळीची पाठ फाटली होती आणि बाजूला एक ओलसर, फिका पिवळा किडा बसला होता. ठिपका नाही, रेघ नाही. मी पाणी घालायचं विसरून तिथेच बसले. हळूहळू तो नारिंगी होत गेला आणि पाठीवर काळ्या वाकड्यातिकड्या रेघा उमटल्या. ढालकिडा. लहानपणी तळहातावर घेऊन उडवायचो तोच. त्याची अळी आणि तो, दोघंही मावा खाऊन जगतात. ज्या सतरा मी चिरडल्या, त्या माझंच काम करायला आल्या होत्या. या आठवड्यात मावा दुप्पट का झाला, त्याचं उत्तर माझ्या हातमोज्यावर होतं.

विषारी फवारा वापरत नाही, याचं मला समाधान असायचं. पण ओळख नसताना हातानं केलेलंही वेगळं नसतं, असं आज वाटतंय. निंबोळी अर्काची बाटली परत खाली नेऊन ठेवली. ज्या शेंड्यांवर नुसताच मावा आहे, तेवढे पाण्याच्या धारेनं धुतले आणि बाकीच्या पानांना हात लावला नाही.

१४ सप्टेंबर

पानामागे पिवळ्या, उभ्या अंड्यांचा पुंजका गेल्या आठवड्यात दिसला होता, आज अळ्या. लेकानं भिंग आणलं. एका अळीनं माव्याला धरून त्याचा रस शोषला आणि पोकळ साल सोडून दिली, हे त्यानं मला दाखवलं. आता तो शाळेतून आल्यावर आधी चवळी बघतो, मग डबा देतो. चवळीच्या शेंगा यंदा कमीच आल्या. दोन वेळची उसळ झाली, बस.

४ ऑक्टोबर

हस्ताचा पाऊस दोन दिवस झोडपून गेला. वेलाची खालची पानं भुरीनं पांढरी झालीत, ती काढून टाकली. एकूण सात दुधी खाल्ले, तीन वाटले. एक रसवंतीवाल्याला दिला. त्यानं पुढच्या चिपाडांचं आपणहून कबूल केलं.

शेवटचा, सगळ्यात सरळ वाढलेला, वेलावरच ठेवलाय बियाण्यासाठी. नर-मादी दोन्ही फुलं याच वेलाची, पराग लावून दोऱ्यानं बांधलेली, म्हणजे बी परड्यातल्यासारखंच निघेल. हिरवा रंग जाऊन आता गवती पिवळा होतोय. आईनं सांगितलंय, साल लाकडासारखी टणक झाली आणि हलवल्यावर आत बी खुळखुळलं की मगच काढायचा, घाई करायची नाही. अकरा बियांची पुडी तिनं दिली होती. यंदा तिला भरून परत द्यायचीय, शिवाय सासूबाईंच्या दोन मैत्रिणींनी आत्ताच नंबर लावलाय.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी वर गेले, कानाजवळ धरून हलवून पाहिला. अजून वाजत नाही.