पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातला ओक

गेल्या वर्षी जुलैच्या वादळात आमच्या पुढच्या अंगणातलं ब्रॅडफर्ड पेअर मधोमध फाटलं. न्यू जर्सीत हे झाड गल्लोगल्ली आहे. सगळ्या फांद्या खोडाच्या एकाच जागेतून वर घुसलेल्या, त्यामुळे जोराचा वारा सुटला की चिरफळ्या होतात. वसंतात पांढरंशुभ्र फुलतं खरं, पण फुलांना वास शिळ्या मासळीचा. मी चिपळूणची, तरीही म्हणते, नको तो वास!

त्या जागी इथलाच ओक लावायचा ठरवलं. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "ओक? अगं, ते तर आत्याच्या सासरचं आडनाव." लगेच पुढचा प्रश्न, "फळ खाता येतं का?" कच्चं नाही, म्हटलं, फार तुरट असतं. "मग चिकू लाव की!" न्यू जर्सीच्या थंडीत चिकू.

आता तो कोपरा. सखल, आणि माती चिकण. फूटभर खड्डा खणून संध्याकाळी बादलीभर पाणी ओतलं, तर सकाळी त्यात माझं तोंड दिसत होतं. रेड ओक हा न्यू जर्सीचा राज्यवृक्ष, पण त्याला निचरा लागतो. व्हाइट ओक माझा सगळ्यात लाडका. त्यालाही निचरा हवा. नर्सरीवाला पिन ओक गळ्यात मारत होता: पाणी सोसतो, भराभर वाढतो. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण आमच्याच रस्त्यावरच्या पिन ओकची पानं ऑगस्टअखेर कडेने करपतात, दरवर्षी थोडी जास्त. रस शोषणारे किडे एका जिवाणूची लागण करतात, आणि त्यावर इलाज नाही. पैसे मोजून आजारपण कशाला घरी आणा!

शेवटी स्वॉम्प व्हाइट ओक घेतला. नावातच दलदल. ओल सोसतो, आणि एकदा रुजला की कोरडंही सोसतो. मॅनहॅटनच्या ९/११ स्मारकाच्या चौकात ४०० हून अधिक झाडं आहेत, ती याचीच. तिथे उभी असताना मी एक पान उलटून पाहिलं होतं: वरून गर्द हिरवं, खालून पांढुरकं, बोट फिरवलं तर मखमल.

खणण्याआधी ८११ ला फोन केला. माणसं येऊन गॅस-विजेच्या लाइनींवर रंगाच्या खुणा करून जातात, फुकट. मुद्दाम लहान, सहा फुटी रोप घेतलं होतं. कुंडीतून काढलं तर मुळं चकलीसारखी गोल गोल फिरलेली. ती कापताना हात थरथरला, पण तशीच ठेवली तर पुढे खोडालाच फास बसतो. मल्च, म्हणजे मातीवरचं आच्छादन, पसरला तो खोडापासून चार बोटं लांब. इथे लोक खोडाभोवती मल्चचा डोंगर रचतात, आणि आत साल कुजत राहते. कुणाला सांगावं!

शेजारीण म्हणाली, ओक म्हणजे नुसत्या अळ्या. अहो, त्यासाठीच तर! डेलावेअर विद्यापीठाचे कीटकतज्ज्ञ डग्लस टॅलमी सांगतात की चिमुकल्या चिकडी पक्ष्याच्या जोडीला पिल्लांची एक वीण वाढवायला ६ ते ९ हजार सुरवंट लागतात, आणि इथे ओकइतक्या जातींचे सुरवंट दुसरं कुठलं झाड पोसत नाही. गळलेली पानंही मी झाडाखालीच राहू देते, कारण बरेचसे सुरवंट त्यातच कोष करतात. नवरा ब्लोअर घेऊन निघाला की मी आडवी जाते.

हरणांनी मात्र पहिल्याच आठवड्यात शेंडा खाल्ला. जाळी आधी लावायची असते हे मला माहीत होतं, फक्त शनिवारची वाट पाहत होते. आता पाच फुटी तारेचा पिंजरा आहे आणि बाजूने नवा फुटवा आलाय.

काल बाबांना व्हिडिओवर पान दाखवलं, आधी वरून, मग उलटं करून. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ निरखलं.

"घारागोरा आहे," म्हणाले. "ओकच तो."