काकीचं नाव इतर हक्कात आणि मी राहते जिनिव्हात

स्वित्झर्लंडमधल्या बायकांना देशपातळीवर मतदानाचा हक्क 1971 साली मिळाला, हे गावी सांगितलं की कुणाला खरंच वाटत नाही. आमच्या वेंगुर्ल्यातले एक रिटायर्ड गुरुजी तर म्हणाले, "बाय, 1917 असेल, तू आकडा उलटा वाचलास." नाही हो गुरुजी, 1971च. म्हणजे आपल्याकडे 1951-52च्या पहिल्या निवडणुकीत नऊवारी नेसलेल्या, सही न येणाऱ्या बायका मत टाकून घरी येऊन भाकऱ्या भाजत होत्या, आणि तिकडे 1959 साली देशभरातल्या पुरुषांनी रीतसर मतदान करून ठरवलं की बायकांना मत नको, तिघांतल्या दोघांनी नको म्हटलं. मी राहते त्या जिनिव्हा कँटनने (कँटन म्हणजे तिकडचं राज्य) 1960 साली आपल्यापुरता हक्क देऊन टाकला, पण आपेंझेल इनरऱ्होडन नावाचं एक छोटं कँटन आहे, तिथल्या स्थानिक मतदानात बायकांना घ्यायला 1990 साली कोर्टाला सांगावं लागलं. नव्वद! आपल्याकडे तोवर एक बाई पंतप्रधान होऊन गेली होती.

आमच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, मी केलेली सोलकढी त्या सूप समजून चमच्याने पितात. त्या सांगतात की लग्नानंतर नोकरी करायची तर नवऱ्याची परवानगी लागायची, आणि हे रीतभात म्हणून नाही, कायद्यात तसं लिहिलेलं होतं. तो कायदा बदलला 1 जानेवारी 1988 पासून. त्यावर्षी मी गावी बालवाडीत जायला लागले होते आणि आमच्या बालवाडीच्या बाई स्वतःच्या पगारावर घर चालवत होत्या.

पण 1971 साली स्विस पुरुषांचं मन अचानक कसं पालटलं? ही गोष्ट मला फार आवडते. झालं असं की 1968च्या सुमारास स्विस सरकारला युरोपच्या मानवी हक्क करारावर सही करायची होती, पण घरी बायकांना मत नाही हे त्या कराराशी जुळेना, तर सरकारने डोकं लढवलं की तेवढं कलम आम्ही सोडतो आणि बाकी सही करतो. बायका भडकल्या. 1 मार्च 1969 रोजी हजारो बायका बर्नला संसदेसमोर जमल्या, शिट्ट्या वाजवल्या, आणि दोन वर्षांत पुन्हा मतदान घ्यावं लागलं. म्हणजे कागद बाहेरचा होता, शिट्ट्या घरच्या होत्या. नुसत्या कागदाने काही झालं नसतं आणि नुसत्या शिट्ट्या तर त्या आधीही कित्येक वर्षं वाजवतच होत्या.

हे एवढं लांबण लावायचं कारण म्हणजे यंदा चतुर्थीला घरी आलेय, आणि स्वयंपाकघरात नारळ खवताना काकीने विचारलं, "तो तुमच्या थंयचो युनो बायकांसाठी करता तरी काय गो?" आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे पुढारलेल्या देशांनी मागासलेल्यांना शिकवायचं, मोठा हॉल, कोट घातलेली माणसं, फोटो, आणि मग आपल्या गावात एक बोर्ड लागतो. थोडं खरंही आहे ते. पण मी तिथे राहून जे पाहिलं ते असं नाही.

सीडॉ म्हणून एक करार आहे, बायकांविरुद्धचा सगळा भेदभाव संपवायचा करार, 1979 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केलेला. त्याची 23 तज्ज्ञांची कमिटी आहे, ती आधी न्यूयॉर्कला बसायची, 2008 पासून जिनिव्हाला बसते. कराराने बांधलेल्या देशाने दर चार वर्षांनी अहवाल द्यायचा, मग त्या देशाचे अधिकारी येऊन समोर बसतात आणि कमिटीवाल्या एकेक कलम काढून प्रश्न विचारतात. एका मैत्रिणीच्या ओळखीने पास मिळवून मी एकदा मागच्या रांगेत बसले होते (बाहेरच्या बागेत मोर फिरतात, आपल्याला त्याचं काही नाही, पण तिकडचे टुरिस्ट वेडे होतात). मी आपली काहीतरी भारी असेल म्हणून गेले, तर अगदी आपल्या ग्रामसभेसारखं! प्रश्न विचारला पाण्याचा आणि उत्तर येतं रस्त्याचं. विचारलं किती मुलींची शाळा सुटली, तर उत्तर आलं की आमच्या राज्यघटनेत समानता आहे. पण कमिटीतल्या बाई सोडत नव्हत्या, कारण त्यांच्या हातात सरकारी अहवालाशिवाय दुसरा एक गठ्ठा होता, त्या देशातल्या बायकांच्या संघटनांनी स्वतः लिहून पाठवलेला. खरी गंमत त्या दुसऱ्या गठ्ठ्यात असते. तो नसता तर अधिकारी मंडळी राज्यघटना वाचून दाखवून चहाला गेली असती.

काकीला हे एवढं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे सरकारकडे पण हिशोब मागणारो कोणतरी आसा. बरा झाला." यापेक्षा चांगल्या शब्दांत मला कुणी सांगितलेलं नाही.

भारताने सीडॉवर 1980 साली सही केली आणि 9 जुलै 1993 रोजी तो मंजूर केला, तोही "समाजांच्या खाजगी बाबींत आम्ही त्यांच्या पुढाकाराशिवाय हात घालणार नाही" असं म्हणून ठेवून. स्वित्झर्लंडने 1997 साली, म्हणजे आपल्यानंतर चार वर्षांनी. अमेरिकेने सही करून ठेवलीय, पण अजून मंजूर केलेला नाही, तेव्हा कोण पुढारलेलं ते तुम्हीच बघा. आणि ज्या देशात युनोचं एवढं मोठं ऑफिस, तो स्वित्झर्लंड स्वतः युनोचा सभासद झाला 2002 साली!

या कराराचा आपल्याला काय उपयोग झाला म्हणाल तर विशाखा केस. राजस्थानात भँवरीदेवी या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करणाऱ्या बाईने बालविवाह अडवायचा प्रयत्न केला म्हणून तिच्यावर अत्याचार झाला, त्यातून बायकांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि तेव्हा कामाच्या जागी होणाऱ्या छळाबद्दल आपल्याकडे कायदाच नव्हता. कोर्टाने 1997 साली सीडॉचा आधार घेऊन नियम घालून दिले, तेच पुढे 2013 साली कायदा झाले. आज आमच्याकडच्या काजू फॅक्टरीत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकाला तक्रार समिती नेमावी लागते, आणि त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. काजूगर सोलणाऱ्या किती जणींना हे माहीत आहे? मी चौघींना विचारलं, चौघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. करार कागदावरून कायद्यात आला, पण फॅक्टरीच्या भिंतीवर काही लागलेला दिसला नाही.

आणि हे सगळं वरून खालीच येतं असंही नाही बरं का. जिनिव्हातच आयएलओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आहे, तिथे 1996 साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठीचा करार झाला, त्यामागे अहमदाबादच्या 'सेवा' या कामगार बायकांच्या संघटनेचा मोठा जोर होता. घरी बसून विड्या वळणारी, कपडे शिवणारी बाईसुद्धा कामगारच आहे, हे जगाला सांगायला आपल्याकडच्या बायका तिकडे गेल्या. आता विचाराल की भारताने तो करार मंजूर केला का, तर नाही. म्हणून तर घरी बसून काजू सोलणारी किंवा आंबापोळी घालणारी आपली बाई अजून "घरीच असते" म्हणून ओळखली जाते.

पैशांचं सहकार्य वेगळं. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, निघालं 1975 साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात. पुढे रोमच्या इफाडकडून (संयुक्त राष्ट्रांचा शेती विकासाचा निधी) कर्ज घेऊन तेजस्विनी कार्यक्रम आला आणि राज्यभर बचत गटांची लोकसंचालित साधन केंद्रं उभी राहिली. आमच्या काकीला रोम माहीत नाही, इफाड तर नाहीच नाही, पण सहयोगिनी मॅडम (बचत गटांसाठी गावोगाव फिरणाऱ्या माविमच्या कार्यकर्त्या) माहीत आहेत, कारण त्या पावसात छत्री उलटी झालेली असतानाही मीटिंगला यायच्या. मला वाटतं या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात जास्त काम त्या सहयोगिनीने केलं आणि सगळ्यात कमी पैसे तिलाच मिळाले, पण हे अहवालात येत नाही.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली स्वामिनी गटाच्या बायकांची कांदळवन सफारी तुम्ही ऐकली असेलच. यूएनडीपीचा (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा) सिंधुदुर्ग प्रकल्प आणि सरकारचा कांदळवन कक्ष यांच्या मदतीने मासेमारीवर पोट असलेल्या घरातल्या बायकांनी ती 2017 साली सुरू केली, होडी वल्हवायची त्यांनीच, माहिती सांगायची त्यांनीच. सुरुवातीला लोक हसले, बायका होडी चालवणार म्हणे. आता तेच लोक पाहुण्यांना तिथे घेऊन जातात आणि "आमच्या गावच्या" म्हणून सांगतात. मला त्यात आवडलं ते हे की त्यांना खाडी कुणी शिकवली नाही, कालवं आणि मुळे काढत त्या तिथेच वाढल्या, बाहेरून आले ते होडीचे पैसे, लाइफ जॅकेट आणि ट्रेनिंग. जिथे असं असतं तिथे प्रकल्प संपला तरी काम चालू राहतं. आणि जिथे बायकांना यायचंच नव्हतं पण फोटोसाठी बसवल्या, तिथे शिलाई मशीन पोटमाळ्यावर आणि बोर्ड गंजलेला, अशीही गावं मला माहीत आहेत, नावं नको घ्यायला.

आता काकीचं. काका गेल्याला बरीच वर्षं झाली. सातबारा सामाईक, नावांची ही मोठी यादी, त्यातले अर्धे परळ-डोंबिवलीला. काका गेल्यावर वारस नोंद झाली तेव्हा दोन्ही मुलगे कब्जेदारात, म्हणजे मालकांच्या रकान्यात आले आणि काकीचं नाव गेलं इतर हक्कात, म्हणजे बाजूच्या रकान्यात. कुणी मुद्दाम वाईट वागलं असं नाही, "बायांचा नाव थंयच घालतत" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मान हलवली. खरं तर 1956च्या कायद्याने विधवा ही मुलांच्या बरोबरीची वारस. भात लावणारी ती, काजू गोळा करणारी ती, माकडं हाकणारी ती, पण पीककर्ज, फळपीक विमा, सगळीकडे पहिला प्रश्न, सातबारा कुणाच्या नावावर? 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमची कलमाची झाडं आडवी झाली, पंचनाम्याच्या वेळी भर उन्हात उभी होती काकी आणि भरपाईसाठी सह्या हव्या होत्या मुंबईच्या, मग ते संमतीपत्र पोस्टाने फिरत बसलं.

सीडॉच्या 14व्या कलमात गावातल्या बायकांचं कर्ज, बाजार, जमीन सगळं लिहिलेलं आहे. 2026 हे साल तर संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं. पण तलाठ्याच्या टेबलावर (आता म्हणे ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) 14वं कलम चालत नाही, तिथे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद चालते. आपल्याकडे लक्ष्मीमुक्ती योजना आहे, नवऱ्याने नुसता अर्ज दिला तरी बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, नोंदणीचा खर्च नाही, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घराच्या नोंदीलाही दोघांची नावं लागतात. सगळं आहे, फक्त अर्ज द्यायला कुणी उठत नाही, कारण तो द्यायचा नवऱ्याने.

चतुर्थीचा एक फायदा, सगळे खातेदार एका पडवीत सापडतात. आरती झाल्यावर मी काकीचं नाव कब्जेदारात घालायचा विषय काढला. पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे, "काकीला कशाला, मुलगे आहेत ना?" दुसरं, "तू जिनिव्हाहून हेच शिकून आलीस काय?" मग डोंबिवलीच्या दादाला खरी काळजी आठवली, की आणखी एक नाव वाढलं तर त्याचा हिस्सा कमी होणार का. काकी पानं पुसत होती, तिथूनच म्हणाली, "तुझो नाय कमी जायत, माझ्या झिलांचो जायत, आणि ते गप बसले आसत मा?" दोघे झील मान खाली घालून बसले होते ते हसायलाच लागले, आणि धाकट्याने तिथल्या तिथे मोबाईल काढून अर्ज कसा करायचा ते शोधायला घेतलं. रेंज गेली ती वेगळी गोष्ट, दुसऱ्या दिवशी तो स्वतः काकीला घेऊन ऑफिसात जाऊन आला.

फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला 15 दिवस असतात. परळच्या थोरल्या काकांनी "गणपती होऊ दे, मग बघू" असं म्हटलंय, ते हरकत घेतील असं मला वाटत नाही, पण त्यांचं काही सांगता येत नाही. माझं परतीचं तिकीट त्या आधीचं आहे, म्हणून मंडळ अधिकाऱ्यांची सही झाली की नव्या सातबाऱ्याचा फोटो पाठव असं धाकट्याला बजावलंय. आमच्या मजल्यावरच्या आजींनी निघतानाच विचारलं होतं की तुमच्याकडे जमीन बायकांच्या नावावर असते का, त्यांना काय सांगायचं ते मग ठरवीन.