डिकॉक्शन उतरेपर्यंत

माझ्या माहेरी कॉफी रोजची नव्हती. एकादशी, महाशिवरात्र, परीक्षेची जागरणे किंवा चहा न घेणारा एखादा पाहुणा, एवढ्याच निमित्ताने आई फडताळातून कॉफीचा डबा खाली काढत असे. पातेल्यात दूध, थोडे पाणी, साखर आणि दोन चमचे पूड एकत्र उकळायची, वरून जायफळ किसायचे, झाकण ठेवून थोडे मुरू द्यायचे आणि गाळायचे, अशी ती कृती. ती कॉफी मला आजही आवडते. मात्र मला आवडत होते ते जायफळ, साखर आणि आटत आलेले दूध, हे कळायला बरीच वर्षे जावी लागली. डब्यातली पूड सहा-सहा महिने जुनी असे. तिच्यात स्वतःची चव फारशी उरलेलीच नसे आणि जायफळ तिची अब्रू राखत असे.

लग्नानंतर डोंबिवलीला आले तेव्हा शेजारी मूळच्या केरळातल्या पालघाटच्या एक मामी राहत होत्या. सकाळी सहाच्या सुमारास त्यांच्या दारातून येणारा वास आणि आमच्या डब्यातला वास हे एकाच वस्तूचे आहेत यावर माझा विश्वास बसत नसे. मी त्यांच्यासारखा स्टीलचा फिल्टर आणला, बाजारातली नामांकित पूड आणली, म्हशीचे दूध लावले, आणि तरीही कॉफी एक तर पाणचट होई, नाही तर कडूजहर. दोष मी आधी दुधाला दिला, मग फिल्टरला, मग नळाच्या पाण्याला. मुळात चूक पुडीत आणि माझ्या हातात होती.

पुडीचे आधी सांगते. कॉफीची हिरवी, न भाजलेली बी कोरड्या जागेत कित्येक महिने टिकते; पण भाजल्याच्या क्षणापासून तिचे आयुष्य मोजके होते. भाजताना आत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर पडत राहतो, त्याच्याबरोबर सुगंधी द्रव्ये उडतात, आणि तेलांना हवा लागून ती खवट होऊ लागतात. अखंड भाजलेल्या बिया तीन-चार आठवडे चांगल्या राहतात. दळल्यावर हवेला मिळणारा पृष्ठभाग एकदम कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे पुडीचा खरा ताजेपणा काही दिवसांचाच. म्हणून पाकिटावर मी किमतीच्या आधी भाजल्याची तारीख पाहते. एकदा घरबसल्या एका विक्रेत्याकडून बऱ्यापैकी महाग बिया मागवल्या होत्या. पाकिटावर डोंगराचे चित्र होते, बागेची उंची होती, चवीत संत्रे आणि गूळ लागेल असे आश्वासन होते, फक्त भाजल्याची तारीख नव्हती. पाकीट फोडले तेव्हा पुठ्ठ्याचा वास आला. तेव्हापासून तारीख नसलेले पाकीट मी घेत नाही, मग त्यावर कितीही डोंगर असोत.

मामींनी मला माटुंग्याचा रस्ता दाखवला. माटुंगा पूर्वेला कॉफी भाजून समोर दळून देणारी जुनी दुकाने आहेत, आणि तिथे गिऱ्हाईक काय मागते ते ऐकत उभे राहणे हाच माझा पहिला धडा ठरला. ‘अर्धी पीबेरी, अर्धी प्लँटेशन ए, वीस टक्के चिकोरी’ असे कोणी म्हणते तेव्हा त्यात तीन वेगवेगळे निर्णय असतात. कॉफीत मिसळायच्या चिकोरीचे पुढे सांगते. अरेबिका या जातीच्या कॉफीच्या बिया फळाचा गर काढून, धुऊन वाळवल्या की त्यांना आपल्याकडे ‘प्लँटेशन’ म्हणतात, आणि पुढचे ‘ए’ हे अक्षर बी किती मोठी ते सांगते. न धुता अख्खे फळ वाळवून काढलेल्या बीला ‘चेरी’ म्हणतात. पीबेरी ही काही निराळी जात नव्हे. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया सपाट बाजूंनी एकमेकींना टेकून असतात. काही फळांत एकच बी धरते आणि ती मटारासारखी गोल होते. गोल असल्यामुळे ती भाजण्याच्या पिंपात सगळीकडून सारखी फिरते आणि एकसारखी भाजली जाते, असे दुकानदार सांगतात. मला त्या दोन बियांच्या चवीतला फरक डोळे मिटून ओळखता येत नाही, हे कबूल करते; पण अर्धी-अर्धी मागायची सवय आता सुटत नाही.

अरेबिका आणि रोबस्टा या दोन जातींतला फरक मात्र कोणालाही ओळखता येईल. अरेबिका उंचावर वाढते, नाजूक असते, तिला सुगंध आणि किंचित आंबटपणा असतो. रोबस्टा कणखर, जास्त कडू, आणि तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट. भारतात पिकते ती बहुतांश रोबस्टाच, आणि देशातल्या एकूण कॉफीपैकी साधारण ७० टक्के एकट्या कर्नाटकात होते. चिकमगळूरजवळच्या डोंगरांना बाबा बुदन यांचे नाव आहे. सतराव्या शतकात त्यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि त्या इथे रुजवल्या, अशी आख्यायिका आहे. आपल्या महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत, पण दुकानात समोर येते ती मुख्यतः चिकमगळूर, कूर्ग आणि वायनाडची, आणि अलीकडे आंध्रातल्या अरकूची. दूध घालून पिणाऱ्या घराने थोड्या रोबस्टाला नाके मुरडू नयेत, असे माझे मत आहे. निव्वळ अरेबिका दुधात हरवते. तिच्यात पाव हिस्सा चांगली धुतलेली रोबस्टा असली की दुधातूनही कॉफी ऐकू येते आणि वर फेसही टिकतो.

चिकोरीबद्दल दोन टोकांची मते ऐकायला मिळतात. ती एका झाडाची मुळी आहे; वाळवून, भाजून, दळून ती कॉफीत मिसळतात. तिच्यात कॅफीन नसते. मुळीतल्या इन्युलिन नावाच्या कर्बोदकामुळे भाजल्यावर तिला जळक्या साखरेसारखी गोडूस कडवट चव येते. पाण्यात ती कॉफीपेक्षा जास्त विरघळते, म्हणून डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क, दाट आणि काळेभोर दिसते. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. स्वस्त पाकिटे ४७-४९ टक्के चिकोरी घालून त्या रेषेला अगदी टेकून असतात, आणि ती घेताना आपण जवळजवळ निम्मे पैसे मुळीचे देतो हे ध्यानात असू द्यावे. माझ्या घरी पंधरा ते वीस टक्के चालते. त्याहून जास्त झाली की सगळ्या कॉफ्या सारख्याच लागतात.

दळण्याविषयी थोडक्यात. मिक्सरच्या भांड्यातले पाते बिया दळत नाही, फोडते. त्यामुळे एकाच भांड्यात पीठही होते आणि कण्याही राहतात. पिठातून कडवटपणा उतरतो, कण्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच पेल्यात येतात. जाते जसे दोन दगडांमधल्या अंतराने दळण बारीक-जाड ठरवते, तसेच काम करणारा हाताने फिरवायचा छोटा ग्राइंडर आता सहज मिळतो, आणि कॉफीवर एकदाच खर्च करायचा असेल तर तो महागड्या यंत्रावर न करता या ग्राइंडरवर करावा. तो नसेल तर दुकानातूनच ‘फिल्टरसाठी’ असे स्पष्ट सांगून आठवडाभरापुरती पूड दळून आणावी. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवावी. फ्रिजमध्ये नको, कारण तिथे ती ओल धरते आणि शेजारच्या लसणीचा वासही. माटुंग्याहून परत येताना दळलेली पुडी हाताला कोमट लागते, आणि लोकलच्या लेडीज डब्यात शेजारची बाई ‘कुठून आणलीत हो?’ असे विचारल्याशिवाय राहत नाही.

आता फिल्टर. वरचे भोकांचे भांडे, खालचे डिकॉक्शन जमणारे भांडे, दांडीची सच्छिद्र चकती आणि झाकण, एवढाच सगळा सरंजाम. मी पहिली दोन वर्षे पूड भरून त्यावर चकती अंगठ्याने जोर देऊन दाबत असे, आणि रात्रभरात खाली चमचाभर काळा रस उतरत असे. एक दिवस मामींनी ते पाहिले. ‘अगं, दाबायचं नाही. नुसतं बसवायचं. तिला श्वास घ्यायला जागा ठेव,’ त्या म्हणाल्या. त्यांचा श्वास हा शब्द अलंकारिक नव्हता. पूड पाण्याने फुगते. चिकोरी तर चिकट होते. आधीच गच्च दाबलेल्या थराला फुगायला जागा नसली की त्याचा चिखल होतो आणि पाणी वरच अडते. अजिबात सपाट न केलेल्या पुडीतून मात्र पाणी मिळेल त्या फटीने पळून जाते आणि डिकॉक्शन फिके उतरते. म्हणून भांड्याला दोन टिचक्या मारून पूड समतल करायची, आणि चकती तिच्या स्वतःच्या वजनाने वर ठेवायची.

आमच्या दोन माणसांच्या फिल्टरचे माप मी काट्यावर तोलून ठरवले आहे: २० ग्रॅम पूड, १२० मिलिलिटर पाणी. पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी स्वतःकडेच ठेवते, त्यामुळे खाली सुमारे ८० मिलिलिटर उतरते. पाणी उकळले की गॅस बंद करून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचे, आधी पूड भिजण्यापुरतेच पाणी गोल फिरवत ओतायचे आणि पुन्हा अर्धे मिनिट थांबायचे. पूड ताजी असेल तर या वेळी चकतीच्या भोकांतून बारीक बुडबुडे वर येतात. तो अडकलेला वायू बाहेर पडत असतो, आणि जुन्या पुडीत हे घडत नाही. मग उरलेले पाणी ओतून झाकण लावायचे आणि पंधरा-वीस मिनिटे फिल्टरला हात लावायचा नाही. टपटप ऐकू येते का म्हणून झाकण उघडून पाहण्याचा मोह मला अजूनही होतो.

सगळे नीट करूनही डिकॉक्शन अडले, तर वरचे भांडे खिडकीकडे धरून पाहावे. निम्म्या भोकांतून उजेड दिसत नसेल तर वर्षभराचे कॉफीचे तेल तिथे बसले आहे. साबणाने ते निघत नाही. स्टीलचे भांडे चिमट्यात धरून तळ मंद आचेवर मिनिटभर तापवला की ते जळून जाते, आणि गार झाल्यावर जुन्या टूथब्रशने घासले की भोके पुन्हा मोकळी होतात.

डिकॉक्शन कधीही गॅसवर ठेवू नये. उकळले की सुगंध घरभर आणि कडवटपणा पेल्यात. तापवायचे ते दूध, आणि तेही वर येऊ लागताच उतरवायचे, कारण रटरटलेल्या दुधाला बासुंदीकडे झुकणारा वास येतो आणि तो कॉफीवर मात करतो. पेल्याच्या तळाशी साखर, तिच्यावर डिकॉक्शन, मग त्याच्या अडीच-तीन पट दूध, आणि शेवटी डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरमध्ये, म्हणजे उभ्या पेल्यात, दोन-तीनदा उंचावरून ओतणे. या ओतण्यात साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी निवते. पाण्याबद्दल एवढेच, की बोअरचे जड पाणी कॉफीला मुके करते.

माझी लेक बंगळूरला नोकरीला लागल्यापासून चिकोरीला पाप समजते. सुट्टीला येताना ती चिनी मातीचा शंकू आणि कागदी गाळण्या घेऊन येते, मध्यम भाजलेल्या १५ ग्रॅम बिया दळून त्यावर २४० मिलिलिटर पाणी तीन मिनिटांत थोडे-थोडे ओतते, आणि ती कॉफी बिनदुधाची, बिनसाखरेची पिते. सुरुवातीला मला तो काढा वाटला. पण तिच्याकडून मी एक पद्धत शिकले आणि ती माझ्या फिल्टरलाही लागू पडली: कॉफी आंबट आणि पाणचट लागली तर दळण किंचित बारीक करायचे, कडू आणि जीभ ओढणारी लागली तर किंचित जाड, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी पूर्वी दूध, माप आणि पूड एकाच सकाळी बदलत असे, आणि त्यामुळे काय सुधारले ते कधीच कळत नसे.

पहिले डिकॉक्शन काढून घेतल्यावर त्याच पुडीवर मी थोडे उकळते पाणी पुन्हा ओतते. हे दुसरे डिकॉक्शन पातळ आणि काहीसे कडवट असते, आणि लेकीच्या मते ते सरळ बेसिनमध्ये ओतावे. मी ते दुपारपर्यंत ठेवते. चारच्या सुमारास भरपूर दूध आणि साखर घालून त्याची कॉफी करते, आणि तिच्यात मात्र आईसारखे जायफळ किसते.