पाऊस लागायच्या आत सर्व्हरची कामं

कोकणात राहून लोकांच्या वेबसाईटी सांभाळतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, नेट असतं का रे तिकडे? असतं की. फायबर दारापर्यंत आलंय, एप्रिलमध्ये तर ठाण्यातल्या भावापेक्षा माझं नेट बरं चालतं. भानगड सगळी जूनपासून पुढे. पहिल्या वादळी पावसात कुठेतरी एखादा आकेशिया तारांवर आडवा होतो, लाईट जाते, मग टॉवरची बॅटरी उतरते, फायबरचा खांब पडलेला असतो तो बघायला माणूस चार दिवसांनी उगवतो, कारण त्याच्याही घराची कौलं उडालेली असतात बिचाऱ्याच्या. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवत असेलच, श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले होते. त्यामुळे सर्व्हर (साईट ज्यावर असते तो कायम चालू संगणक) लावताना माझा नियम एकच, मी आठ-दहा दिवस पूर्ण गायब झालो तरी साईट चालली पाहिजे. स्पीड, डिझाईन, गुगलमध्ये वर येणं हे सगळं त्यानंतर. आणि ही कामं मे महिन्यातच उरकायची, घर शाकारून घेतात तशी.

सर्व्हर अर्थातच माझ्या घरात नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण देवगडच्या एका बागवाल्या काकांना, ज्यांची आंब्याची साईट माझ्याकडे आहे, ते काही केल्या पटत नव्हतं. "तुझो सर्व्हर मुंबयत, माझो आंबो देवगडात, मगे हयली लाईट गेली तर साईट चलता कशी?" म्हटलं काका, मुंबईत आहे म्हणूनच चालते. घरच्या कनेक्शनला बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपीच (इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता) नसतो, एका आयपीमागे शंभर गिऱ्हाईकं बसवलेली असतात, आणि इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवायचा म्हणजे फ्रिजमधली मासळी की वेबसाईट असा प्रश्न येतो, त्यात मासळीच जिंकते आमच्याकडे. महिन्याला पाच-सहाशे रुपयांत एक जीबी रॅम आणि पंचवीस जीबी डिस्कचा व्हीपीएस (कंपनीच्या मोठ्या सर्व्हरमधला भाड्याचा हिस्सा) मिळतो, होमस्टे, आंबा, कोकम सरबत असल्या साईटींना तो भरपूर झाला.

भरपूर झाला पण वर्डप्रेस (साईट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) टाकलं की एक जीबी रॅम तशी काठावरच. होतं काय, सकाळी एकदम दहा-बारा लोक साईटवर येतात, पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) प्रोसेस वाढतात, रॅम संपते, मग लिनक्स या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टमचा ओओएम किलर उठतो आणि सगळ्यात जास्त रॅम खाणाऱ्याला मारतो, आणि तो बहुतेक वेळा मायएसक्यूएल, म्हणजे साईटचा डेटाबेसच असतो. साईटवर डेटाबेसला जोडता येत नाही एवढीच एक ओळ दिसते. यावर लोक लगेच मोठा प्लॅन घ्यायला धावतात, काही गरज नाही. दोन जीबीची स्वॅप फाईल करा (रॅम कमी पडली की डिस्कवरची ही जागा वापरली जाते), एफएसटॅब या सेटिंगच्या फाईलमध्ये तिची नोंद करा नाहीतर रीबूट झाल्यावर ती गायब, आणि पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपीच्या प्रोसेस चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एका वेळच्या प्रोसेसची मर्यादा, पाचावर आणा. जास्तीची रिक्वेस्ट दोन सेकंद रांगेत थांबेल, पण डेटाबेस मरणार नाही. मायएसक्यूएल मेलाच तर सिस्टमडीने (लिनक्सवरचे प्रोग्राम चालू-बंद करणाऱ्याने) तो आपणहून परत उठवला पाहिजे, ती सोयही बघून ठेवा.

दुसरं म्हणजे डिस्क, आणि हिच्याकडे कोणी बघतच नाही. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) मुळातच चालू असतात आणि तीस दिवसांचे ठेवले जातात. रेप्लिकेशन (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर चालू नक्कल) वगैरे काही करायचं नसेल तर आपल्यासारख्यांना एवढे कशाला, मी तीन दिवसांवर आणतो. जर्नलचे, म्हणजे सिस्टमच्या रोजच्या नोंदींचे, लॉगसुद्धा डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत फुगू शकतात, त्याला दोनशे एमबीची मर्यादा घालतो. वर आणि बॅकअपच्या झिप फाईली त्याच डिस्कवर टाकणारे प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचे जादा प्रोग्राम) असतात, त्यांना तर हात जोडून नमस्कार. डिस्क शंभर टक्के भरली की डेटाबेसला लिहिता येत नाही, आणि त्या वेळी तुम्ही टॉवरची कांडी शोधत डोंगरावर फिरत असता.

एसएसएल सर्टिफिकेटचं (साईट एचटीटीपीएसवर सुरक्षित उघडायला लागतं ते) तर आता जास्तच बघावं लागतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, सर्टबॉट हा ते आणणारा प्रोग्राम दिवसातून दोनदा तपासतो आणि साधारण महिनाभर राहिला की नवं आणतो, म्हणजे हाताला काही काम नाही. पण हे बिघडलं तर आधी मेल यायचा, की बाबा तुझं सर्टिफिकेट संपतंय, ते मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केलेत. आणि पुढे मुदत कमीच होणार आहे, २०२९ च्या मार्चपासून कुठल्याही कंपनीचं सर्टिफिकेट ४७ दिवसांच्या वर मिळणार नाही असं ठरलंय. म्हणून मे महिन्यात ड्राय-रन (नवं सर्टिफिकेट आणण्याची रंगीत तालीम) चालवून बघायचाच. बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी नडतात. एक, कोणीतरी शहाणपणा करून फायरवॉलमध्ये पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचं दार) बंद केलेलं असतं, आता सगळं एचटीटीपीएसवर आहे मग ८० कशाला म्हणून, आणि सर्टबॉटची तपासणी नेमकी त्याच पोर्टवरून होते. दोन, नवं सर्टिफिकेट फाईलमध्ये येऊन पडलेलं असतं पण एनजिनएक्सला (साईटची पानं पाठवणाऱ्या प्रोग्रामला) कोणी रीलोड केलेलं नसतं, तो मेमरीतलं जुनंच दाखवत बसतो. डिप्लॉय हुकमध्ये (नवं सर्टिफिकेट आलं की सर्टबॉट जे चालवतो त्यात) रीलोडची एक ओळ घातली की झालं. ही दुसरी गंमत शोधायला भल्याभल्यांना दिवस लागतो, कारण फाईल उघडून बघावी तर तारीख नवीन दिसते.

डोमेनचं, म्हणजे साईटच्या नावाचं, रिन्युअल ऑगस्टमध्ये येत असलं तरी मी मेमध्येच करून टाकतो. कारण साधं आहे, रेंज नसेल तर ओटीपी येत नाही. ऑटो-रिन्यू चालू आहे म्हणून निवांत राहू नका, २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे) नियम लागू झाल्यापासून परदेशी रजिस्ट्रारकडे (डोमेन देणाऱ्या कंपनीकडे) सेव्ह केलेलं कार्ड आपोआप कापलं जाईलच याची खात्री नाही. डॉट इन डोमेन एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येतं, तीन-चार वर्षांचं तरी घ्या. आणि ते कुणाच्या खात्यात आहे ते आधी बघा. गुहागरच्या एका होमस्टेवाल्या ताईंचं डोमेन साईट बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं आणि तो बाबा फोनच उचलेना, शेवटी ताईंना नवीन नावाने सगळं परत सुरू करावं लागलं, बोर्ड, व्हिजिटिंग कार्ड, मॅपवरची नोंद, सगळं. असे लोक गणपतीत गावी येतात आणि आरतीला पुढे असतात हे वेगळं.

आता मी सर्व्हरपर्यंत पोचतो कसा. पावसाळ्यात बहुतेक काम फोनच्या हॉटस्पॉटवरून, ज्या सिमला कांडी असेल ते सिम. म्हणून एसएसएच (सर्व्हरवर लांबून लॉगिन करायची सोय) फक्त घरच्या आयपीवरून चालू ठेवायचं असला सल्ला इथे कामाचा नाही, आयपी दर तासाला बदलतो, स्वतःच बाहेर राहाल. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त एसएसएच की (आपल्याकडची गुप्त किल्लीची फाईल), आणि जोडीला फेल२बॅन (सारखं चुकीचं लॉगिन करणाऱ्याला अडवणारा प्रोग्राम), एवढं पुरतं. साधं एसएसएच रेंज गेली की गोठतं, आणि अपग्रेड चालू असताना गोठलं तर पॅकेज अर्धवट लागून बसतात. त्यामुळे कुठलंही लांबलचक काम टी-मक्सच्या आतच करायचं, कनेक्शन तुटलं तरी आत काम चालूच राहतं, परत जोडून बघता येतं. त्याहून भारी मॉश, एसएसएचच्या जागी वापरायचा प्रोग्राम. तो यूडीपीवर (कनेक्शन धरून न ठेवता डेटा पाठवायच्या पद्धतीवर) चालतो, आयपी बदलला, लॅपटॉप झोपला, तरी सेशन जात नाही, आणि टाईप केलेलं अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता लगेच स्क्रीनवर दिसतं, त्यामुळे एका कांडीवरसुद्धा माणसाला वैताग येत नाही. फायरवॉलमध्ये ६०००० ते ६१००० ही यूडीपी पोर्ट उघडायला लागतात. शहरातल्या लोकांना याचं काही वाटत नाही, माझ्या लेखी मात्र जुलै महिन्यातलं सगळ्यात उपयोगी सॉफ्टवेअर हेच.

सिक्युरिटी अपडेट आपोआप होऊ द्यायचे की नाही यावर लोक भांडत असतात. इथे भांडायला वावच नाही, मी नसताना कोण करणार? उबंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू, वर्डप्रेसचे छोटे अपडेट चालू, प्लगिनचेसुद्धा चालू, आणि त्या बदल्यात प्लगिन मोजकेच ठेवायचे. स्लायडर, पॉपअप, बर्फ पडतानाचं ॲनिमेशन (आंब्याच्या साईटवर!) हे सगळं काढून टाकतो. खरं सांगायचं तर होमस्टेच्या साईटला वर्डप्रेसच नको. चार पानं, दहा फोटो, रेट वर्षातून दोनदा बदलतो. ह्यूगो या प्रोग्रामने एचटीएमएलची तयार पानं बनवून एनजिनएक्सच्या फोल्डरमध्ये टाकलं की डेटाबेस नाही, पीएचपी नाही, लॉगिनचं पानच नाही तर हल्ला करणार कशावर. मी हळूहळू सगळ्यांना तिकडेच नेतोय. फोटो मात्र आधी बारीक करून घ्यायचे, बाराशे पिक्सेल रुंदी आणि वेबपी फॉरमॅट, नाहीतर पुतण्याने डीएसएलआरवर काढलेले सहा-सहा एमबीचे फोटो तसेच चढवलेले असतात आणि घाटात गाडी थांबवून बुकिंगसाठी साईट उघडणाऱ्याला फक्त पांढरं पान दिसतं.

कॉन्टॅक्ट फॉर्म हाही प्रकार मी बंद केलाय. बऱ्याच क्लाऊड कंपन्या पोर्ट २५ (मेल पाठवायचं) मुळात बंद ठेवतात, मेल गेलाच तर एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरा असल्याच्या खुणा) नीट नसल्यामुळे स्पॅममध्ये, आणि काका मेल बघतात कधी तर मुलगा मुंबईहून आला की. व्हॉट्सॲपचं बटण आणि फोन नंबर, बास.

बॅकअपबद्दल एकच सांगतो, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा) लावताना सर्व्हरचा टाईमझोन बघा. बहुतेक सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात, रात्री दोनचा म्हणून लावलेला बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतो, ऐन लोक यायच्या वेळी. आणि मे महिन्यात एकदा तो बॅकअप दुसऱ्या रिकाम्या सर्व्हरवर उतरवून साईट उभी राहते का ते बघायचंच. तासाभराच्या भाड्यात होतं हे काम, दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत.

एवढं करूनही काही झालंच तर पुण्यात मावसभाऊ आहे, त्याची एसएसएच की सर्व्हरवर घालून ठेवलीये आणि होस्टिंगच्या पॅनेलचं लॉगिनही दिलंय, कारण एसएसएच बंद पडलं तरी पॅनेलमधला वेब कन्सोल चालतो. त्याला एका पानावर मराठीत लिहून दिलंय, आधी डिस्क बघ, मग रॅम, मग एनजिनएक्सचा एरर लॉग, आणि ५०२ एरर (पीएचपीकडून उत्तर आलं नाही) दिसला तर पीएचपी-एफपीएम रीस्टार्ट कर, अख्खा सर्व्हर रीबूट करू नको. तो अकाउंटंट आहे, संगणकातला नाही, तरी पान बघून जमतं त्याला.

यंदाचं बरंचसं उरकलंय. काकांच्या साईटवरून पेटीचा भाव काढून "हंगाम संपला" लिहायचं तेवढं बाकी आहे, ते आज रात्री लाईट असेल तर.