तुम्ही विचारलंत म्हणून: इन्स्टॉलरमध्ये जावा टाकून दिला तर चालतं का?

जावा या प्रोग्रामिंग भाषेत बिलिंगचं, क्लिनिकचं किंवा शाळेच्या फीचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवून विकणारे हे हमखास विचारतात: "जावा फुकटच आहे ना? मग आपल्या सेटअपमध्येच घालून दिला तर काय बिघडलं?"

कुठला जावा घातलात, त्यावर ते ठरतं. एकाच सोर्समधून (मूळ कोडमधून) बनलेले बरेच बिल्ड (तयार आवृत्त्या) बाजारात आहेत आणि परवाने वेगवेगळे आहेत. त्यात वापरायला फुकट असलेली गोष्ट विकत्या मालासोबत वाटता येईलच असं नाही.

आधी सेटअपमध्ये आत्ता काय आहे ते बघा. रनटाइमच्या (जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या भागाच्या) बिन फोल्डरमधून जावाची व्हर्शन विचारणारी कमांड चालवा. दुसऱ्या ओळीत 'ओपनजेडीके रनटाइम एन्व्हायर्नमेंट' (म्हणजे ओपन सोर्स जावा) आलं तर अर्धी काळजी मिटली. 'जावा टीएम एसई रनटाइम एन्व्हायर्नमेंट' आलं तर तो ओरॅकलचा, म्हणजे जावाच्या मालक कंपनीचा, बिल्ड. मग व्हर्शनचा आकडा नीट वाचायचा.

जावा ८ च्या अपडेट २०२ पर्यंत, म्हणजे जानेवारी २०१९ पर्यंत, ओरॅकलची जेआरई (म्हणजे हाच रनटाइम) जशीच्या तशी, पूर्ण, आपल्या प्रोग्रामसोबत देता येत होती. एप्रिल २०१९ च्या अपडेट २११ पासून ती सोय संपली: घरगुती वापराला आणि डेव्हलपमेंटला फुकट, धंद्यात चालवायचं तर सबस्क्रिप्शन. काहीजण अजून २०२ वरच अडून बसलेत. परवान्याच्या दृष्टीने ठीक, पण त्यानंतरचा एकही सिक्युरिटी पॅच त्यात नाही. गिऱ्हाइकाच्या गळ्यात असलं काही मारू नये.

खरी मेख जावा १७ मध्ये आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ओरॅकलने 'नो-फी' परवाना आणला, धंद्यातला वापरही फुकट केला, आणि लोकांनी तो बिनधास्त सेटअपमध्ये घातला. वाटपाचं कलम कुणी वाचलंच नाही. त्यात म्हटलंय की वाटप करताना फी घ्यायची नाही, आणि ज्या प्रॉडक्टमध्ये जावा बंडल केलाय त्या प्रॉडक्टची किंमतसुद्धा फीमध्येच धरली आहे. म्हणजे बारा हजारांना विकायच्या सॉफ्टवेअरसोबत तो देता येत नाही. शिवाय १७ साठी या नो-फी परवान्याची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपली, १७.०.१३ पासूनचे अपडेट पुन्हा सबस्क्रिप्शनवाले.

आणि सबस्क्रिप्शन थोडक्यात आटपत नाही. जानेवारी २०२३ पासून ते कॉम्प्युटरवर नाही, कंपनीतल्या माणसांवर मोजतात. ९९९ माणसांपर्यंत दरडोई दरमहा १५ डॉलर हा छापील दर. २०० माणसांच्या कारखान्यात तुमचं सॉफ्टवेअर अकाउंट्सच्या एकाच पीसीवर असलं तरी हिशोब २०० चा, वर्षाला ३६,००० डॉलर. ऑडिटमध्ये तुमच्या फोल्डरातला जावा सापडला की पहिला फोन कुणाला येणार ते सांगायला नको.

म्हणून ओपनजेडीकेचा बिल्ड घ्या: टेमुरिन, कोरेटो, झुलू, मायक्रोसॉफ्टचा, कुठलाही. परवाना जीपीएल २ (कोड खुला ठेवायला लावणारा ओपन सोर्स परवाना), सोबत क्लासपाथ एक्सेप्शन नावाची सवलत. या सवलतीमुळे तुमचा कोड जीपीएलखाली ओढला जात नाही. रनटाइम स्वतः मात्र जीपीएलमध्येच राहतो, आणि वाटणारे तुम्ही असल्यामुळे त्याच्या अटीही तुम्हीच पाळायच्या.

जावा ९ पासून रनटाइममध्ये परवान्यांच्या मजकुराचा 'लीगल' नावाचा फोल्डर असतो. जेलिंक या टूलने नको ते भाग काढून रनटाइम छाटला तरी तो आपोआप सोबत येतो. पुढे सेटअपची साइज कमी करण्याच्या नादात कुणीतरी तो 'फालतू फाइली' म्हणून उडवतं, आणि तिथेच अट मोडते. (छाटताय तर लोकेल डेटाचं (भाषांनुसार नावं-तारखांचं) मॉड्यूल हाताने घाला, लागणारी मॉड्यूल शोधणाऱ्या जेडेप्स टूलच्या यादीत ते येत नाही, आणि मग मराठी बिलावर महिन्यांची नावं इंग्रजीत छापून येतात.)

सोर्सचं कलम लोक साफ विसरतात. बायनरी (चालवायचा तयार प्रोग्राम) दिली की सोर्स सोबत द्यायचा, किंवा मागेल त्याला देऊ असं लेखी लिहून द्यायचं, किमान तीन वर्षांसाठी. दुसऱ्याकडून मिळालेली अशी लेखी ऑफर नुसती पुढे देण्याची मुभा विनाव्यापार वाटपालाच आहे. तेव्हा ज्या दिवशी टेमुरिनची बायनरी उतरवता, त्याच दिवशी त्याच व्हर्शनची सोर्स टारबॉल (सगळा कोड एकत्र बांधलेली फाइल) त्याच रिलीज पानावरून उतरवून जपून ठेवा. वर्षभराने नेमकी ती शोधत बसणं नकोसं होतं.

तुमचा स्वतःचा करारही तपासा. 'या सॉफ्टवेअरच्या कुठल्याही भागाची नक्कल करण्यास मनाई' अशी सरसकट ओळ जीपीएलच्या भागाला लावता येत नाही. तिथे 'सोबतचे इतरांचे घटक त्यांच्या त्यांच्या परवान्याखाली' असं वाक्य घाला.

अपडेटही आता तुमच्याच अंगावर. सिक्युरिटी पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे तिमाहीला येतात. त्या सुमारास सेटअप नव्याने बांधायची सवय लावा.

जावाचं मिटलं की डेटाबेसच्या ड्रायव्हरकडे (प्रोग्राम आणि डेटाबेस जोडणाऱ्या भागाकडे) बघा. मायएसक्यूएल डेटाबेसचा कनेक्टर-जे हा ड्रायव्हर जीपीएलमध्ये आहे आणि त्याची सवलत फक्त ओपन सोर्स प्रोग्रामना. बंद कोड विकणाऱ्याने त्याचा व्यापारी परवाना घ्यावा, नाहीतर मारियाडीबीचा एलजीपीएलमधला (जीपीएलचा सैल प्रकार) कनेक्टर लावून बघावा.